दात घशात

माझी वहिनी बसस्टँडवर बोलते. म्हणजे तिची नोकरीच ती आहे. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येतेय, कुणाची पिशवी बाकावर राहिलीय, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं ती काचेच्या छोट्या खोलीत बसून माइकवरून सांगते. आवाज कर्कश नाही, पण खणखणीत. गर्दीतून वाट काढत नेमका ज्याच्या त्याच्या कानाशी जाऊन उभा राहणारा. गल्लीत तिला 'भोंगा' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती खुशाल ओ देते.

माझा थोरला भाऊ, दादा, तिच्या अगदी उलट. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून तो काचा घासतो. दिवसभरात त्याच्या तोंडून निघतात तेवढे शब्द वहिनी दारात चपला काढता काढता संपवते. "दोघांना पुरेल एवढं मी बोलते, ह्यांना वेगळं कशाला लागतंय?" असं तिचं म्हणणं. मी पलीकडच्या गल्लीत राहते, बटणं आणि चेनचं दुकान चालवते. आमचं नणंद-भावजयीचं छान जमतं. म्हणजे रोज थोडं वाजतं आणि रोज चहा होतो.

वहिनीचे वरचे पुढचे दोन दात खोटे. गुलाबी पट्टीवर बसवलेले, शेजारच्या दातांना तारेच्या आकड्यांनी अडकवायचे. ती पट्टी सैल झाली होती. बोलता बोलता दात मध्येच खाली यायचे आणि वहिनी जिभेने ते परत जागेवर ढकलायची. दादा एकदा म्हणालाही होता, "दाखवून ये." त्याच्या मानाने हे भाषणच झालं. वहिनी म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

त्या दिवशी तिला सर्दी झाली होती. दोन घोषणांच्या मध्ये तिने तोंडात गोळी टाकली, वर पाणी प्यायली आणि तेवढ्यात गाडी लागली म्हणून घाईने माइक सुरू केला. "फलाट क्रमांक सहावर लागलेली गाडी..." एवढं बोलली आणि जोराचा ठसका लागला. त्या ठसक्यात घशातल्या पाण्याबरोबर दोन दात, पट्टी आणि तारा असं सगळं बिऱ्हाड खाली उतरलं. माइक चालूच होता. अख्ख्या स्टँडवर वहिनीची किंकाळी घुमली, "गेले! गेले!"

फलाट सहावरच्या लोकांना वाटलं, गाडीच गेली. पिशव्या, ट्रंका, पोरंबाळं घेऊन माणसं पळत सुटली. गाडी तर समोरच उभी होती. शेवटी ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागला, "अहो, मी इथंच आहे! कुठं पळताय?"

मला चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाचा फोन आला. "ताबडतोब या, तुमच्या वहिनींनी दात गिळले."

"कुणाचे?" मी विचारलं. घाबरलं की माणूस काहीही विचारतो.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा वहिनी तातडीच्या खोलीत पलंगावर पुढे वाकून बसली होती. एका हातात स्टीलचं भांडं, कारण थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. दुसरा हात गळ्यावर. दादा शेजारी उभा होता. त्याच्या बोटांना अजून काच घासायची पांढरी पूड लागलेली. नोंद करायला आलेला कारकून विचारत होता, "काय झालं?"

"दात घशात गेले," दादा म्हणाला.

कारकुनाने पेन थांबवलं आणि दादाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणी घातले? मारामारीची केस असेल तर पोलिसांना कळवावं लागेल."

दादाचा चेहरा खडूसारखा झाला. बोलायला बंदी असूनही वहिनीने भांड्यातून मान वर केली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हे घालणार? अहो, ह्यांनी आजवर 'भाजीत मीठ कमी आहे' एवढंसुद्धा म्हटलं नाही. स्टँडवर दंगा करणाऱ्यांना मीच दम द्यायची, दात घशात घालीन म्हणून. माझंच वाक्य मला लागू पडलं."

कारकून हसला, सिस्टर हसली आणि मग मलाही हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते कसलं होतं ते मी शोधत बसले नाही.

घशाच्या डॉक्टरबाई आल्या. वयाने आमच्यापेक्षा लहान, केस करकचून बांधलेले. त्यांनी एक्सरे उजेडासमोर धरला. त्यात दात दिसतच नव्हते, नुसते तारेचे दोन वाकडे आकडे मानेच्या मधोमध लोंबत होते. वहिनीने निरखून पाहिलं आणि दादाला म्हणाली, "बघा. गळ्यात कधी काही घातलं नाहीत माझ्या. शेवटी मीच घातलं. तेही आतून."

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "आकडे अन्ननलिकेत रुतलेत. ओढून काढायला गेलो तर नळी फाटेल. दुर्बिणीतून प्रयत्न करू, पण नाही जमलं तर मानेतून कापून काढावं लागेल." मग जरा थांबून म्हणाल्या, "आवाजाची नस तिथूनच जाते. काळजी घेऊच. पण तुम्हाला आधी सांगितलेलं बरं."

वहिनी गप्प झाली. इतकी वर्षं ओळखते तिला, ती कशी गप्प होते ते मी पहिल्यांदा पाहिलं. मग तिने डॉक्टरबाईंचा हात धरला. "जपून हं, बाई. माझं पोट त्या नसेवर चालतं."

दुर्बिणीतून नाही जमलं. मान उघडावीच लागली. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसून होतो. दादा चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, घालायचा, परत काढायचा. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी प्लास्टिकची बाटली होती. आत ते दोन दात, गुलाबी पट्टीवर बसून आमच्याकडे बघून हसत होते. "सुखरूप निघाले," त्या म्हणाल्या. "त्याही सुखरूप आहेत."

दादाच्या जिवात जीव आला. त्याने बाटली दोन्ही हातांत धरली आणि हळूच विचारलं, "धुऊन परत लावता येतील का?"

"खबरदार!" डॉक्टरबाई म्हणाल्या. तेव्हा कुठे त्या पहिल्यांदा हसल्या.

वहिनीला बायकांच्या वॉर्डात हलवलं. मानेवर पट्टी, पट्टीतून बाहेर आलेली नळी, नाकातून थेट पोटापर्यंत गेलेली दुसरी नळी. तोंडाने पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि बोलायचं नाही. शेजारच्या खाटेवर एक मावशी होत्या. कानाचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही कानांवरून डोक्याला फेटा बांधल्यासारखी पट्टी. त्यांना काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. एकीला बोलता येईना, दुसरीला ऐकता येईना. वॉर्डात सगळ्यांत जास्त गप्पा ह्या दोघींच्या चालायच्या. हातवारे, भुवया, खांदे. मी जरा चहा प्यायला जाऊन येईपर्यंत दोघी पोट धरून हसत असायच्या आणि कशाला ते मला कधीच कळायचं नाही. हसलं की वहिनीचे टाके ओढायचे. मग ती मान गच्च धरून, डोळे मिटून, नुसत्या पोटाने हसायची.

तिची बोलणारी मीच झाले. ती खूण करायची, मी मोठ्याने सांगायचे. पण माझा अर्थ नेहमी चुकायचा. एकदा तिने सिस्टरकडे बोट दाखवलं, मग स्वतःचे केस दाखवले, मग अंगठा वर केला.

"सिस्टर, ती म्हणतेय की तुमचे केस कापायला झालेत," मी सांगितलं.

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. तिला म्हणायचं होतं, वेणी छान आहे. सिस्टर बिचारी दिवसभर टोपी घट्ट बसवून फिरत होती.

चहासाठी मात्र तिने हट्टच धरला. नाकातल्या नळीतून दूध, फळांचा रस, पातळ सूप असं सगळं जात होतं. तिने कप धरल्याची खूण केली. सिस्टर म्हणाली, "काकू, नळीतून चव कशी लागणार?" वहिनीने बोटाने 'थांब' म्हटलं. डॉक्टरबाईंना विचारून सिस्टरने गाळलेला कोमट चहा आणला. निम्मा कपात ठेवला, निम्मा नळीत ओतायला घेतला. वहिनीने कप नाकाशी धरला, डोळे मिटले आणि नळीतून चहा आत जात असताना नाकाने वास घेत राहिली. संपल्यावर तोंड उघडून, समोरच्या दोन दातांच्या जागी असलेली मोठी खिडकी दाखवत, अशी काही तृप्त हसली की कानवाल्या मावशींनी टाळ्या वाजवल्या.

आणि दादा. दादा दुकान सुटलं की यायचा, स्टुलावर बसायचा आणि त्याला कळायचं की आता बोलायचं काम त्याच्याकडे आलंय. घरून येतानाच तो बातम्या जमवून आणायचा. पण सवय नाही ना!

"समोरच्यांनी दाराला रंग दिला," त्याने एके दिवशी सुरुवात केली.

वहिनीने हाताने विचारलं, कुठला?

दादा विचारात पडला. "ते नाही बघितलं."

वहिनी वाट बघत राहिली.

"पण दिलाय," दादा म्हणाला.

वहिनीचे खांदे हलायला लागले. दादाला काय झालं ते कळेना. पण ती हसली, एवढं त्याला पुरे होतं. दुसऱ्या दिवशी त्याने आल्याबरोबर सांगितलं, "हिरवा." पुढच्या दिवशी तर त्याने वरच्या मजल्यावरच्या नवरा-बायकोचं भांडण दोन्ही बाजूंनी करून दाखवलं. माझा भाऊ! मी दारात उभी राहून ऐकत होते आणि माझा माझ्या कानांवर विश्वास बसत नव्हता.

पण टाके वाळत आले तरी आवाजाचा पत्ता नव्हता. डॉक्टरबाईंनी घशात छोटी दुर्बीण घालून पाहिलं आणि "आ म्हणा" म्हणाल्या. वहिनीने तोंड उघडलं. नुसती हवा आली. "एक बाजू हलत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नस ताणली गेलीय, तुटलेली नाही. येईल, पण कधी आणि किती येईल ते आज सांगता येणार नाही."

नेमके त्याच दिवशी स्टँडचे साहेब भेटायला आले. येताना सफरचंदं घेऊन आले. साहेब मनाने चांगले, पण त्यांना कुठे काय बोलावं ते कळत नाही. "आवाजाचं अजिबात मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "नाहीतरी आता रेकॉर्डिंगचं मशीन येतंय. तुम्हाला आत टेबलावर बसवू. निवांत."

वहिनीने हात जोडले. मग एक सफरचंद उचललं, नाकातल्या नळीपाशी नेलं, आत जातंय का ते बघितल्यासारखं केलं आणि मान हलवून परत पिशवीत ठेवलं. साहेब ओशाळून हसले. ते जाईपर्यंत तिचा चेहरा हसरा होता.

दुपारी ती बाथरूमला गेली ती लवकर येईना. मी बघायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ती बेसिनला दोन्ही हातांनी धरून आरशासमोर उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. फलाट क्रमांक, गाडी, प्रवाशांनी कृपया... मला ओठांवरून कळत होतं, ती हे रोज म्हणायची ना. पण आवाज म्हणून नाही. मानेच्या शिरा ताणलेल्या, चेहरा लालबुंद आणि बाहेर येत होती फक्त हवा. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते ती पुसतही नव्हती.

आरशात तिला मी दिसले. मला वाटलं आता ती माझ्या गळ्यात पडेल. मीही त्याच तयारीने पुढे झाले. तिने पदराने तोंड पुसलं, मुठीचा माइक केला, त्यावर दोनदा टिचकी मारली, कानाशी लावून पाहिला आणि मला खूण केली, बिघडलाय. मग मला बाजूला सारून ताठ मानेने वॉर्डात गेली.

मी तिथेच राहिले जरा वेळ. एवढे दिवस मला वाटत होतं, वहिनीचा स्वभावच असा, तिला हसू येतं, आपल्याला येत नाही. ते आपोआप येत नव्हतं हो. ती ते दर वेळी आतून उपसून काढत होती.

संध्याकाळी समोरच्या खाटेवर एक मुलगी दाखल झाली. नुकती नोकरीला लागलेली, गळ्यात गाठ. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. बरोबर आई होती. डॉक्टरांनी त्यांनाही नसेचं सांगितलेलं. मुलीने वहिनीची मानेवरची पट्टी पाहिली, खुणा पाहिल्या आणि आईला चिकटली. "मला नाही करायचं. माझंपण असंच होणार. त्या काकूंना बघ ना!" आई समजावत होती, मुलगी रडत होती आणि वहिनी हे सगळं ऐकत होती. आपल्याकडे बघून कुणी घाबरावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं.

ती उठली. नळी सावरत त्या मुलीच्या खाटेशी गेली. मला बोलावलं. पदराआडून दातांची ती बाटली काढून आतले दात मुलीला दाखवले आणि माझ्याकडे बोट केलं, सांग.

मी सांगायला लागले. ठसका, पळणारी माणसं, ड्रायव्हर. वहिनी बाजूला सगळं करून दाखवत होती. कानवाल्या मावशींना काहीच ऐकू येत नव्हतं, पण आपल्यालाही काम आहे असं समजून त्या उशी काखोटीला मारून प्रवाशासारख्या वॉर्डभर धावल्या. कारकुनाने दादावर संशय घेतला इथपर्यंत येईतो मुलगी हसायला लागली होती. दादा कोपऱ्यात उभा होता. त्याने एकदम पुढे येऊन आपलं वाक्य स्वतः म्हटलं, "दात घशात गेले," आणि तो चेहराही केला. सगळा वॉर्ड हसला.

मग वहिनीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मुलीच्या समोर बसली आणि मला सावकाश खुणा केल्या. ह्या वेळी मी चुकले नाही.

"ती म्हणतेय, माझा आवाज दातांनी नेला, डॉक्टरांनी नाही. डॉक्टरांनी मला जिवंत परत आणलं. तुझ्या गळ्यात तारा नाहीत. तू जा बिनधास्त."

मुलगी दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला जाताना वहिनीला हात करून गेली. संध्याकाळी शुद्धीवर आली आणि तिने पहिली हाक मारली, "काकू!" बारीक, पण स्वच्छ. मी वहिनीकडे बघायचं टाळलं, खोटं कशाला सांगू. वहिनी मात्र एवढ्या जोरात टाळ्या वाजवायला लागली की सिस्टर धावत आली. "अहो काकू, हे हॉस्पिटल आहे!" तिथे ज्या बाईला आवाज नव्हता, तिला सिस्टरने गोंगाट करते म्हणून दम दिला. तेव्हा मला माझ्या वहिनीचा असा काही अभिमान वाटला की त्या सिस्टरची वेणी खरंच छान आहे हे मी तिला सांगून टाकलं.

वहिनी घरी आली. मग महिनोन् महिने व्यायाम. भिंत ढकलत 'आ', खुर्ची उचलत 'आ', गुणगुणणं, फुंकर. शेजारचे विचारायचे, घरात फर्निचर हलवताय का? आधी कुजबुज आली. मग फाटका, मग जाडाभरडा आवाज. खणखणीत तो नाहीच आला. जो आला तो खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत, पुरुषी म्हटला तरी चालेल असा. दात मात्र पक्के बसवून घेतले. दादा स्वतः बरोबर गेला.

साहेबांनी सांगून पाहिलं, टेबलावर बसा. वहिनी म्हणाली, "मशीन येईल तेव्हा येईल. हरवलेल्या पोराचं नाव ते विचारणार आहे का? एक दिवस मला बसू द्या. लोकांना कळलं नाही तर मी आपण होऊन उठते."

त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि स्टँडवर जाऊन बसले. मला मालाच्या खरेदीला बाहेरगावी जायचंच होतं. कर्णा खरखरला आणि वहिनीचा नवा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द सोडवून. फलाटांवरच्या माना वर झाल्या. लोकांनी ऐकलं, पिशव्या उचलल्या आणि बरोबर त्या त्या गाडीकडे चालू लागले. कुणी चुकलं नाही, कुणी परत विचारलं नाही.

माझ्या शेजारची बाई मात्र कुरकुरली. "आधीची बाई बरी होती. काय गोड आवाज होता. हिचा म्हणजे..."

"हिचा म्हणजे काय?" मी पूर्ण वळून बसले. "कळलं ना तुम्हाला, गाडी कुठं लागलीय ते?"

"कळलं हो, पण..."

"मग? गाणं ऐकायला आलात की गाडीला? ही बाई मान चिरून घेऊन परत येऊन बसलीय तिथं. आणि आधीचीही तीच होती, आत्ताचीही तीच आहे. माझी वहिनी आहे ती!"

बाईने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! दात गिळलेल्या त्या ह्याच?"

मग तिला सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं. मी सांगायला घेतलं. आजूबाजूचे दोघं-तिघं सरकून जवळ आले. वर कर्ण्यातून वहिनी माझ्याच गाडीची शेवटची सूचना देत होती, जाडाभरड्या आवाजात, अगदी स्पष्ट. मला ऐकू येत होतं. पण मी नुकती कारकुनापर्यंत आले होते आणि तिथून उठणं काही मला जमलं नाही.